वरल्या उतारावरचा गवा

१

पैज लागली ती तालमीच्या कट्ट्यावर, आणि लागली ती माझ्यामुळंच.

त्याचं असं झालं. तात्यांची एकसष्टी होती. तात्या म्हणजे आमच्या गल्लीतले निवृत्त इंजिनिअर, बोलायला करवत आणि खर्चाला दोरी. माझा मंडप आणि स्पीकरचा धंदा. मी आपला त्यांच्या दारात सकाळी सकाळी मंडप ठोकला आणि वर बोर्ड लावला, ‘तात्यांतर्फे सर्वांना जेवण.’ दुपारपर्यंत अख्खी पेठ ताटं घेऊन दारात. तात्यांना पाटीभर भात शिजवायला लागला.

संध्याकाळी तात्या कट्ट्यावर आले ते फुरफुरतच.

“दौल्या, तुला एक दिवस चेष्टेशिवाय काढता येत न्हाय. रोग हाय तो.”

“काढून दावतो की.”

“मग दाव. मंगळवारी मला गगनबावड्याच्या अंगाला जायचंय. ओढ्यावर पूल कुठं बांधायचा ते बघायला वन खात्याच्या मॅडमनी बोलावलंय. तू माझ्याबरोबर यायचं. गल्लीतनं पाय निघाल्यापासनं परत गल्लीत पाय पडंपर्यंत एक थाप न्हाय, एक चेष्टा न्हाय.”

“आणि जिंकलो तर?”

“गल्लीला तांबडा-पांढरा रस्सा माझ्याकडनं.”

“हरलो तर?”

तात्या हसले. ते हसले की समजायचं, काहीतरी खोल खणलंय. “हरलास तर पाडव्याला म्हशींच्या मिरवणुकीत तू म्हस.”

कट्टा बेंबीच्या देठापासनं ओरडला. पावण्यांसाठी सांगतो, दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशी नटवून काढत्यात. अंग भादरून, तेल लावून, शिंगं रंगवून, गळ्यात कवड्या आणि अंगावर झूल घालून. मालक गाडीवर पुढं, म्हस मागं पळत. गाव बघायला लोटतंय.

आमची मीनाक्षी गॅलरीतनं सगळं ऐकत होती. बायको म्हणून माझी बाजू घेईल असं वाटलं.

“तात्या,” ती वरनं म्हणाली, “शिंगांचा रंग मी आणतो.”

२

ओढ्यापलीकडं सावरटेक नावाची वाडी. कौलारू घरं, एक शाळा, एक दुकान. पाठीमागं अभयारण्याचा डोंगर. गणपती जाऊन पाऊस ओसरलावता, त्यामुळं वरल्या उतारावर पाणी घोट्याएवढं. उतार म्हणजे ओढा जिथनं चालत ओलांडता येतो ती जागा. काठाची वाट दुचाकीपुरतीच, म्हणून जीप अलीकडं ठेवली, चपला हातात घेतल्या आणि पलीकडं गेलो.

पलीकडच्या काठावर एक माणूस खुर्ची टाकून बसलावता. अंगानं काडी, डोळ्याखाली सूज, मांडीवर लहान पोरीचा झगा आणि हातात सुई. चमनभाई, वाडीचा टेलर. त्याची बायको मेहमुदा मागं उभी.

“पूलवाले का?” मेहमुदानं विचारलं.

“व्हय, वैनी.”

“मग ह्येंच्याकडं बघून घ्या. किडन्या गेल्यात. आठवड्यातनं दोनदा कोल्हापूरला मशिनीवर न्यावं लागतंय. पावसाळाभर आम्ही तिकडं खोली घेऊन ऱ्हातो. ओढा उतरला म्हणून आत्ता कुठं घराकडं आलो. उद्या पुन्हा पाळी हाय.”

“आणि ओढा चढला तर?”

“मागच्या साली चढला हुता,” चमनभाई सुईत दोरा ओवत म्हणाला. “दोन पाळ्या चुकल्या. मेलो न्हाय एवढंच.”

मी एरवी कुणालाबी एक टपली मारल्याशिवाय पुढं जात न्हाय. तिथं मी आपलं घरंगळलेलं दोऱ्याचं रीळ उचलून त्याच्या हातात दिलं.

आम्हाला जीपमधनं घेऊन आलेल्या अदिती मॅडम म्हणजे वन खात्याच्या अधिकारी. सांगलीकडच्या, तरुण, सरळ. त्यांनी कामाचं सांगितलं. पुलाला दोन जागा होत्या. एक हा वरला उतार, वाडीच्या तोंडाशी. दुसरा खालचा उतार, ओढ्यानं बरंच खाली.

“वन्य प्राणी जिथून ओढा ओलांडतात तिथं बांधकाम करायचं नाही. दुसरी जागा असेल तर तीच घ्यायची,” मॅडम म्हणाल्या. “आणि खाली पात्र रुंद आहे; तिथं प्राण्यांची वाट नसेल तर साधी पाइपांची मोरीसुद्धा चालते. वर पाण्याला जोर आहे, तिथं उंच पूलच लागेल.”

“खाली पूल झाला तर वाडीला काय उपयोग?” तात्यांनी विचारलं.

“खालून वाडीकडं येणारी वाट अभयारण्यातून जाते. ती पायवाटच राहणार. तिथं डांबर कधीच पडणार नाही.”

म्हणजे खाली पूल झाला तर ॲम्ब्युलन्स ओढा ओलांडून जंगलाच्या तोंडाशी उभी ऱ्हाणार आणि चमनभाई इकडं ह्या खुर्चीवर. मेहमुदानं ते ऐकलं. खुर्चीच्या पाठीवर तिची बोटं घट्ट झाली.

आधी आम्ही खालचा उतार बघून आलो. काठ एकदम स्वच्छ. ना खूर, ना पंजा. मॅडमनी फोटो काढले. तिथनं परत वर येतोय तर वळणाच्या पलीकडनं एक पोरगा हात हलवत ओरडायला लागला.

“मॅडम! लवकर या! गवे!”

३

ओरडणारा वरद. कोल्हापूरचाच, गळ्यात कॅमेरा, जनावरांसाठी जीव टाकणारा. कालपासनं शाळेत मुक्कामाला होता.

वरल्या उताराच्या वळणाआड मऊ चिखलाचा काठ होता. सगळा खुरांनी खणून काढलेला. पाण्यात उतरलेले खूर, पाण्यातनं वर आलेले खूर. एकेक खूर थाळीएवढा.

“ताजे आहेत,” मॅडम वाकून म्हणाल्या. “कालचेच.”

“गव्याचं असंल, न्हायतर थोराड म्हशीचं,” तात्या म्हणाले.

“वाडीच्या म्हशी बघितल्यात का तुम्ही?” वरद म्हणाला. “शेळीपेक्षा जरा मोठ्या. त्यांचा खूर एवढा नसतो.”

तिथं आणखी दोघं येऊन उभे ऱ्हायले. एक विजयसिंह, पांढरीशुभ्र पँट, खालच्या उताराजवळ, रस्त्याकडच्या काठाला त्यांचे प्लॉट. दुसरे बाळासो, पोट पुढं आणि हसू त्याच्याबी पुढं. पुलाचे ठेकेदार. दोघंबी कालपासनं वाडीतच होते, आपापल्या मोटारसायकलवर आलेले.

“मग वरची जागा बाद,” विजयसिंह म्हणाले.

मॅडमनी मान हलवली. मेहमुदा पदर तोंडाला लावून चालायला लागली.

मी मात्र एका दगडाकडं बघत बसलोवतो. काठावर एक मोठा दगड होता, त्याच्या मागं खुरांची रांग गोल वळसा घालून गेलती. आणि त्या वळशात, खुरांच्या खाली दबलेली, मोटारसायकलच्या टायरची नक्षी. टायर आधी, खूर नंतर. टायर जिथं वळला तिथं खूर वळलेले. टायर सरळ तर खूर सरळ. आणि खूर लांब लांब पडलेले, म्हणजे जनावर पळत होतं. बाकीचा टायर खुरांनी तुडवून पुसलावता, एवढाच दगडाआड ऱ्हायलावता.

गवा दगडाला वळसा कशाला घालील? आणि खालचा काठ? तिथं रानकोंबडीचं पाऊलसुद्धा न्हवतं. जंगलातल्या पाणवठ्यावर रानकोंबडीचं पाऊल न्हाय? जिथं कायच न्हाय तिथं कुणीतरी झाडू मारलेला असतोय. अहो, मी स्वतः आयुष्यभर असली कामं केल्यात. चेष्टा मला वासानं कळती.

“मॅडम, हा बनाव हाय,” मी म्हणालो.

“दौल्या!” तात्या गरजले. “मॅडम, ह्याचं काय ऐकू नका. काल-परवा ह्यानं माझ्या दारात पेठ जेवायला बसवली.”

“तात्या, खरंच…”

“थाप निघाली तर पैज हरलास.”

मॅडम हसल्या आणि वही बंद केली. मी टायर दाखवायला वाकलो आणि तेवढ्यात डोंगरातनं आवाज आला. आधी वाटलं ट्रक. मग चमनभाई खुर्चीवरनं ओरडला, “माघारी! सगळी माघारी सरा!”

गगनबावड्याच्या डोक्यावर तासाभरापासनं काळं झालतं, आमचं लक्ष न्हवतं. तांबडं पाणी झाडाच्या फांद्या घेऊन वळणावरनं आलं आणि आमच्या डोळ्यांदेखत तो खूरवाला काठ, तो दगड, ती नक्षी, सगळं गिळून बसलं. जीप पलीकडच्या काठावर, आम्ही वाडीच्या.

आम्ही अडकलो. आणि ज्यानं हे केलतं, तोबी आमच्यातच अडकलावता.

४

वाडीला दुसरी वाट न्हाय. पाठीमागं जंगल, पुढं ओढा, फोनला रेंज न्हाय. शाळेच्या खोलीत सतरंज्या टाकल्या. पाऊस असा की शेजारच्याला ओरडून सांगायला लागायचं.

चमनभाईलाबी शाळेत आणलं, कारण त्याच्या घरात पाणी ठिबकत होतं. तो भिंतीला टेकून बसला. मेहमुदा दर थोड्या वेळानं दारात जाऊन ओढ्याचा आवाज ऐकून यायची.

मी मॅडमना कोपऱ्यात गाठलं आणि टायरचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, फोटोबी बघितले. पण त्यांनी काढलेल्या फोटोत नुसते खूर. दगडाआडचा फोटो कुणीच काढला न्हवता.

“तुमच्या शब्दावर मी अहवाल बदलू शकत नाही,” त्या म्हणाल्या. “पाणी उतरेपर्यंत काही दाखवलंत तर बघीन. उतरलं की मी निघाले.”

म्हणजे ओढा उतरावा असं मेहमुदाला वाटत होतं चमनभाईसाठी, आणि ओढा उतरू नये असं मला वाटत होतं, तेबी चमनभाईसाठीच. असल्या कात्रीत मी जन्मात सापडलो न्हवतो. त्यात तोंडाला पैजेचं कुलूप.

मग मी आपला एकेकाजवळ जाऊन बसलो.

विजयसिंह खिडकीशी उभे होते. “व्हय, पूल खाली झाला तर माझ्या प्लॉटना भाव येणार. लपवू कशाला? पण ह्या बुटांनी मी चिखलात गवे नाचवत बसू काय?”

“कुणाकडनं नाचवून घेतलं असंल.”

“दौलतराव, मला करायचं असतं तर मी वरती एक फोन केला असता. मला चिखल लागत न्हाय.” ते गुर्मीत बोलले, पण बोलणं खोटं वाटलं न्हाय. दर तासाला गाडी काढायचे, ओढ्यापर्यंत जायचे, पाण्याला शिवी द्यायचे आणि परत यायचे. असं माणूस शांतपणानं काय लपवील?

वरद रेंज शोधायला गाडीवरनं टेकडीवर जाऊन चिंब होऊन आलावता.

“तुला कुठला पूल पायजे?”

“कुठलाच नको! पंधरवड्यापूर्वी खालच्या उतारावर मी स्वतः गवे बघितलेत, काका. हे बघा फोटो. मॅडमनाही दाखवले. त्या म्हणतात, पाहणीच्या दिवशी खूण पाहिजे.”

“आणि आज खाली कायच न्हाय.”

“म्हणून तर मलाही कोडं पडलंय.”

हा पोरगा खोटे खूर उमटवील एकवेळ. पण खऱ्या गव्यांचे खूर पुसायला त्याचा हात धजला नसता. वरद बाद.

ऱ्हायले बाळासो. त्यांना संशयित म्हणायला माझी जीभ वळंना. सगळ्यांच्या पोटाचं त्यांनीच बघितलं. वाडीच्या पार टोकाच्या दुकानातनं तांदळाचं पोतं खांद्यावर टाकून चिखल तुडवत आणलं. चूल पेटवली, आमटी केली. वर म्हणाले, “चमनभाईंना मीठ चालत न्हाय. त्यांचं येगळं काढा. पाणीबी मापातच द्या.” मेहमुदाच्या डोळ्यात पाणी आलं.

“बाळासो, पूल कुठं व्हावा वाटतंय?”

“मला वर काय आणि खाली काय. सरकार म्हणंल तिथं पाइप टाकायचं.”

“वर तर उंच पूल लागतोय म्हणं. पाइप चालत न्हाईत.”

“पाइप घेऊन ठेवलेत खरं. न्हाय चालले तर विकायचे. धंद्यात असतंयच.” आणि माझ्या भातावर दुसरी पळी ओतली. “खावा. तोंड असं का पडलंय तुमचं? तुमच्यासारख्या माणसानं चार विनोद करायचे असतात.”

“पैज हाय,” मी म्हणालो, आणि भात कडू लागला.

५

सकाळी पाऊस थांबला पण ओढा तसाच. आज चमनभाईची पाळी. तो बसल्या जागी दम खात होता. पाय सुजलेले.

“भाई, कसं हाय?”

“लग्नातल्या शेरवानीसारखं,” तो म्हणाला. “बाहेरनं फुगलंय, आत माणूस अडकलाय.”

मला शाळेत बसवंना. वाडीतनं निघालो. टोकाला गुंडूआबाचा गोठा. आबा दारात तंबाखू मळत होते. वाडीच्या म्हशी बाहेर चिखलात मजेत उभ्या, आणि आत, एकटी, कोरड्या जागेत बांधलेली एक म्हस. थोराड. अंगभर वाळलेला चिखल थापलेला.

“आबा, ही कुणाची?”

“म्हाईत न्हाय गा. परवा दूध घालून आलो तर दावणीला बांधलेली. शेजारी पेंडीचं पोतं. दूध घालाय पलीकडं गेलतो तवा तिथं फोन आलावता, चार दिस सांभाळ म्हणून. नाव काय सांगितलं न्हाय.”

“आणि तुम्ही विचारलं न्हाय?”

“पोत्यात पेंड दहा दिसांची हुती,” आबा म्हणाले. “कशाला विचारू?”

मी जवळ गेलो, नखानं चिखल खरवडला. खाली केस न्हाईत. काळीभोर, गुळगुळीत, तेल मुरलेली कातडी. डोंगरातली म्हस कोण भादरतंय? ही पाडव्याची म्हस. आणि पाडव्याची म्हस म्हणजे आमच्या कोल्हापूरचा सराव. रोज गाडी पुढं, तिचा आवाज ओळखून म्हस मागं. दगडाला गाडीनं वळसा घातला तर म्हसबी वळसा घालणार. गवा समजून मॅडमनी जिच्या खुरांचे फोटो काढलेले ती ही बाई!

ओढ्यानं तिला माझ्यासाठी अडकवून ठेवलीवती. पण मालक कोण?

मी परत शाळेकडं निघालो. समोरनं विजयसिंह गाडीवर भुर्रकन गेले. मागनं वरद, टेकडीकडं. बाळासो मात्र पोतं डोक्यावर घेऊन पायी येत होते, एक चप्पल चिखलात अडकलेली.

मी थांबलो. एवढं पोट, एवढा चिखल, आणि गाडी शाळेच्या पडवीत झाकून ठेवलेली. दोन दिवस. आमच्याकडं माणूस पान आणायलासुद्धा गाडीला किक मारतंय. हा माणूस पोतं डोक्यावर घेऊन चालतोय. का?

कारण किक मारली की कुणीतरी दावं तोडून पळत येणार.

६

“बाळासो, जरा गाडी द्या की. आबाकडं जाऊन येतो.”

“किल्ली हरवली हो. बहुतेक ओढ्यात पडली.”

“बघा की खिशात.”

“बघितलं सगळं.” आणि तेच हसू.

मॅडमना सांगून उपयोग न्हवता. म्हस कुणाची ते म्हस सांगणार न्हाय आणि आबांना ठाऊक न्हाय. ओढ्याकडनं मेहमुदा पळत आली, “पाणी उतरायला लागलं! दुपारपर्यंत माणूस जाईल!” मॅडमनी बॅग भरायला घेतली. बाळासोंनी ग्रहण सुटल्यासारखा श्वास सोडला. दुपारनंतर मॅडम कोल्हापुरात, म्हस टेम्पोत, आणि वाडी पुन्हा जिथल्या तिथं.

एकच इलाज होता. आणि तो माझ्या धंद्यातला.

मी तात्यांकडं बघितलं. तात्या माझ्याकडं. त्यांना माझं तोंड ओळखता येतंय, अर्धं आयुष्य काढलंय त्यांनी माझ्याशेजारी. त्यांनी बोट वर केलं, ‘खबरदार’.

आधी मी चमनभाईजवळ बसून कानात सांगितलं, “भाई, आता मी बोंब मारणार. खोटी हाय. घाबरू नका.” मेहमुदालाबी खूण केली. मग पडवीत जाऊन छाती भरून घेतली.

“पाणी आलं! शाळेमागनं पाणी आलं! गाड्या काढा, गाड्या!”

काय पळापळ! विजयसिंह गाडीवर उडी मारून किक मारून मैदानात. वरदची गाडी त्याच्यामागं. आणि बाळासोंनी, हो, ओढ्यात पडलेली किल्ली खिशातनं काढली, हँडलचं कुलूप उघडलं आणि गाडी सुरू न करता, हाश्शहुश्श करत, ढकलायला लागले!

पूर मागं लागलाय आणि माणूस गाडी ढकलतोय.

“सरा, मी काढतो!” म्हणत मी सीटवर बसलो. ते “नको नको” म्हणंपर्यंत किक मारली. पुंगळी, म्हणजे सायलेन्सरची नळी, काढलेली गाडी, काय आवाज फुटला! डोंगरानं तो परत दिला.

क्षणभर कायच न्हाय. मी ॲक्सिलरेटर आणखी पिळला.

मग वाडीच्या टोकाकडनं गुंडूआबांची बोंब आली, “धरा! धरा तिला!” आणि त्याच्यामागं ती. दाव्याचा तुकडा गळ्यात, शेपूट वर, चिखलाचे पोपडे उडवत, तोफगोळ्यासारखी. विजयसिंहांच्या चालू गाडीकडं तिनं ढुंकून बघितलं न्हाय. वरदच्या गाडीला वळसा घातला. सरळ आली आणि बाळासोंच्या गाडीला नाक लावून उभी ऱ्हायली. मी सीटवर, आणि ती माझा कान चाटतीय.

मी गाडी बंद केली. तेवढ्यात तात्या शाळेच्या पायरीवरनं ओरडले.

“हरलास, दौल्या! पाडव्याला तू म्हस!”

७

मग मॅडमना दावायला मी पुन्हा किक मारून मैदानाला दोन वळसे घातले, म्हस मागनं पळत; मैदान खुरांनी भरलं. मॅडम खाली वाकल्या. टायरची नक्षी, आणि तिच्यावर लांब लांब पडलेले थाळीएवढे खूर. गाडी वळली तिथं वळलेले. त्यांनी मोबाइल काढला, कालच्या फोटोतले खूर शेजारी धरले. मग उठल्या.

“बाळासाहेब, खालचा काठ कुणी पुसला?”

बाळासो म्हशीच्या मानेवर हात ठेवून उभे होते. हसू गेलेलं. “मीच. फांदीनं झाडून काढला.”

“पाइपांसाठी?”

“आधीच घेऊन बसलोवतो, मॅडम. वर झाला तर उंच पूल, कमानीचा. पाइप मातीत. खाली गवे न्हाईत म्हणून लिहून आलं की मोरी चालून जाईल.” मग त्यांनी शाळेच्या दाराकडं बघितलं. चमनभाई भिंतीला धरून तिथं आलावता. “भाई, तुमचं मला ठाऊक न्हवतं हो. आईशप्पथ. इथं अडकल्यावर कळलं.”

“कळल्यावर कालची रात्र हुती की,” मेहमुदा म्हणाली. “आज सकाळ हुती. मीठ येगळं काढलंसा. तेवढंच काढलंसा.”

बाळासो मान खाली घालून म्हशीच्या गळ्यातला दाव्याचा तुकडा सोडायला लागले. विजयसिंहसुद्धा खाली बघायला लागले.

मॅडम म्हणाल्या, “म्हशीवरून मी वरची जागा मंजूर करणार नाही आणि फांदीवरून खालची नाकारणार नाही. दोन्ही उतारांवर कॅमेरे लागतील. जिथं गवे दिसतील तिथं वीट पडणार नाही. आणि वर पूल झाला तर उंचच होईल, खालून जनावरं आणि पाणी दोन्ही मोकळं जाईल असा. पाइप नाही.” मग बाळासोंकडं वळून, “तुमच्याबद्दल वेगळं लिहीन.”

दुपारी पाणी कंबरेपर्यंत उतरलं. चमनभाईला खुर्चीत बसवलं, वाडीतले गडी दोर बांधून पाण्यात उतरले. खुर्चीचा एक पाय धरायला माणूस कमी पडत होता. बाळासो पुढं झाले. कुणी बोलवलं न्हाय, कुणी हाकललंबी न्हाय. तांबड्या पाण्यातनं खुर्ची हलत डुलत गेली, आणि खुर्चीतनं चमनभाई मला ओरडून म्हणाला, “दौलतभाई, माप सांगा!”

“कसलं?”

“झुलीचं!”

८

पाडव्याला आमच्या गल्लीत एवढी गर्दी मी मंडप घातल्यावरसुद्धा बघितली न्हवती. तात्यांनीच बोर्ड लावलावता, माझ्याच दुकानातनं उधार आणून.

डोक्याला पुठ्ठ्याची शिंगं, एक लाल, एक हिरवं. रंग मीनाक्षीनं शब्द दिल्याप्रमाणं आणलावता. गळ्यात कवड्या, शिंगाला मोरपीस. आणि अंगावर जांभळ्या मखमलीची झूल, कडेला जर, मधोमध आरसे. अशी झूल खऱ्या म्हशीच्या नशिबात नसती. चमनभाईनं कोल्हापूरच्या खोलीवर बसून, मशिनीवर जायच्या दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत शिवलीवती. तो समोरच्या कट्ट्यावर बसून आपलं काम निरखत होता. मेहमुदा शेजारी.

“बगलेत ओढतंय का?” त्यानं विचारलं.

“थोडं.”

“मग पळताना हात वर करा.”

त्याच सकाळी मॅडमचा फोन आलावता. खालच्या उतारावरच्या कॅमेऱ्यात गव्यांचा कळप, पिल्लांसकट. वरल्या उतारावर वाडीच्या म्हशी आणि गुंडूआबा. वरच्या जागेची शिफारस गेली होती. पूल व्हायला अजून पावसाळा एखादा जाईल. पण झाला तर वाडीच्या तोंडाशीच होईल. मेहमुदानं पुढच्या सालापुरतीच खोली घेतली असं सांगितलं.

मीनाक्षी ताट घेऊन आली. मला कुंकू लावलं, ओवाळलं, तोंडात पेंड म्हणून करंजीचा तुकडा कोंबला.

“वीस वर्षं माझं ऐकलं न्हाईस,” ती म्हणाली. “आज मुकाट चालायचं.”

“हम्मा,” मी म्हणालो. गल्ली कोसळली.

तात्या गाडीवर बसले. इंजिनिअर माणूस, त्यांनी स्वतःच्या हातानं पुंगळी काढलीवती. किक मारली, मागं वळून बघितलं आणि त्या करवतीसारख्या आवाजात ओरडले, “येतीस का न्हाय, म्हशे?”

मी हात वर केले, म्हणजे बगलेत ओढू नये, आणि पळत सुटलो.